अमेरिकेतल्या सरहद्दी किल्ल्यांभोवती जुन्या लष्करी गोळ्यांचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या किल्ल्यांची आहे?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मैदानी मुलखातल्या, साधारण १८४९ ते १८९० या काळातल्या लष्करी ठाण्यांची. वायोमिंगमधलं फोर्ट लॅरमी, कॅन्ससमधलं फोर्ट लार्नेड, टेक्ससमधलं फोर्ट डेव्हिस, बोझमन ट्रेलवरचं (वायोमिंगमधून मॉन्टानातल्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरचं) फोर्ट फिल कर्नी ही त्यांतली ठळक नावं. डेन्व्हर, डॅलस, कॅन्सस सिटीच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना या जागा शनिवार-रविवारच्या टप्प्यातल्या.

‘किल्ला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तटबंदी आणि बुरूज येतात. इथे ते चित्र बाजूला ठेवावं लागतं. यातल्या बहुतेक ठाण्यांना तटच नव्हता. मधे कवायतीचं मैदान, चारी बाजूंना बराकी, अधिकाऱ्यांची घरं, कोठारं, तबेले. फिल कर्नीला ओंडक्यांचा कोट होता, पण तो अपवादांपैकी. म्हणून गोळ्या ‘तटाखाली’ सापडत नाहीत. सैनिक जिथे पहारा देत, पाणी भरत, नेमबाजी करत, तळ टाकत, तिथे त्या सापडतात आणि अशा जागा ठाण्यापासून दोन-तीन किलोमीटरवरही असू शकतात.

मग थेट किल्ल्याच्या आवारात मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं यंत्र) घेऊन जाता येतं का?

नाही. फोर्ट लॅरमी, लार्नेड, डेव्हिस हे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहेत. तिथे डिटेक्टर वापरणं तर सोडाच, तो चालू करता येईल अशा अवस्थेत जवळ बाळगणंही नियमबाह्य आहे. गाडीत न्यावाच लागला तर बॅटरी काढून, खोक्यात बंद करून ठेवा. फिल कर्नी आणि जवळची वॅगन बॉक्स लढाईची जागा वायोमिंग राज्याच्या संरक्षणात आहेत. तिथेही हेच समजून चाला.

उरते ती खासगी जमीन. मालकाची परवानगी असेल तरच.

‘कायद्यात गोळ्या वगळल्या आहेत’ असं ऐकलं आहे. खरं का?

अर्धवट खरं, आणि म्हणूनच लोक अडकतात. १९७९ च्या पुरातत्त्व संसाधन संरक्षण कायद्यात (लोक त्याला ‘आर्पा’ म्हणतात) आणि त्याखालच्या नियमांत नाणी, गोळ्या, न घडवलेले दगड यांना पुरावस्तू मानत नाहीत. पण पुढे अट आहे: त्या दुसऱ्या पुरावशेषांच्या थेट सान्निध्यात सापडलेल्या नसाव्यात. किल्ल्याच्या किंवा लढाईच्या जागेवरची गोळी ही व्याख्येनेच अशा सान्निध्यातली असते. शिवाय गोळी काढायला तुम्ही जमीन उकरता, तोच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

संघराज्याच्या किंवा आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर हे केलं तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि १ वर्षापर्यंत कैद. वस्तूंची किंमत आणि जागा पूर्ववत करण्याचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या वर गेला तर २०,००० डॉलर आणि २ वर्षं. वर डिटेक्टर आणि गाडीही जप्त होऊ शकते.

खासगी जमीन आहे हे कसं ठरवायचं?

कुंपणावर विसंबू नका. पश्चिमेत कुंपण म्हणजे हद्द नव्हे. गुरं जिथे अडवायची तिथे ते घातलेलं असतं. दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळे एक चौरस मैल खासगी, शेजारचा सरकारी, असा बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा आहे. काउंटीच्या असेसर (जमीन-कर) कार्यालयाचा ऑनलाइन नकाशा बघा, मालकाचं नाव मिळवा आणि फोनवर हद्द दिसेल असं ॲप बरोबर ठेवा. जमीन कसणारा रँचर हा मालक असेलच असं नाही. सरकारी जमीन भाड्याने घेतलेला माणूस तुम्हाला ‘खुशाल शोधा’ म्हणाला, तरी ती परवानगी नव्हे.

परवानगी लेखी घ्या. एक पान पुरतं: जमिनीचा कोणता तुकडा, कोणत्या तारखा, किती माणसं, सापडलेल्या वस्तू कोणाच्या, फाटकं कशी ठेवायची (उघडं होतं ते उघडं, बंद होतं ते बंद), खड्डे बुजवण्याची हमी. वेगळं ठरलं नसेल तर जमिनीतली वस्तू मालकाची, हे धरून चाला. आणि मालकाला सापडलेलं सगळं दाखवा, मोडका खिळासुद्धा.

कोणता डिटेक्टर घ्यावा?

एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारा, जमिनीचा समतोल (ग्राउंड बॅलन्स) हाताने साधता येणारा. फार महाग नको. बरोबर लागतात:

- २८ सेंमीच्या (११ इंची) कॉइलशिवाय, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या तबकडीशिवाय, एक १५ सेंमीची लहान कॉइल. बराकींच्या आसपास चौकोनी लोखंडी खिळ्यांचा इतका खच असतो की मोठी कॉइल एकदम तीन-चार वस्तू ऐकते आणि शिशाचा आवाज लोखंडाखाली दबतो.
- हेडफोन. पठारावरच्या वाऱ्यात खोल गोळीचा बारीक आवाज उघड्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.
- हातातला पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा छोटा शोधक), एका बाजूला दाते असलेली मजबूत खुरपी, माती ठेवायला कापड.
- प्लॅस्टिकचे झेडबंद पाऊच, कायमची शाई असलेलं पेन, मोजपट्टी, खुणेच्या झेंड्या.

सेटिंग कशी ठेवायची? गोळी स्क्रीनवर कोणता आकडा दाखवते?

शिशाची गोळी मधल्या पट्ट्यात वाजते. दुर्दैवाने तिथेच कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या आणि बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणंही वाजतात. म्हणून ‘कचरा नको’ म्हणून मधला पट्टा बंद केला की गोळ्याही गेल्याच. लोखंड ऐकू येऊ द्या, फक्त त्याचा सूर खालचा ठेवा. बाकी सगळं खणायचं. तांब्याची पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) मात्र बरीच वर, चांदीच्या नाण्याच्या आसपास वाजते.

आपल्या मशीनचे आकडे आपणच काढा. मासे पकडायच्या दुकानातलं शिशाचं वजन, २५-३० ग्रॅमचं, १५ सेंमी खोल पुरा आणि कॉइल फिरवून आकडा लिहून ठेवा. मग १० ग्रॅमचं वजन घेऊन तेच करा.

ग्राउंड बॅलन्स करताना आधी धातू नसलेली जागा शोधा. तिथे कॉइल जमिनीपासून ३ ते १५ सेंमी वर-खाली करत आवाज स्थिर होईपर्यंत जुळवा. नदीकाठच्या काळ्या वाळूवर, लालसर मातीवर पुन्हा करावं लागतं. संवेदनशीलता पूर्ण वाढवून ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक: मशीन सतत कुरकुरतं आणि खरा सूर त्यात बुडतो. कुरकुर थांबेपर्यंत खाली आणा.

कॉइल जमिनीपासून २-३ सेंमीवर, सपाट, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून. झोक्याच्या टोकाला कॉइल उचलली जाते, तिथेच गोळ्या सुटतात.

शोध कुठून सुरू करावा?

आधी कागदांवर. राष्ट्रीय अभिलेखागारात अनेक ठाण्यांचे लष्करी नकाशे आहेत. राखीव लष्करी क्षेत्राची हद्द, नेमबाजीचं मैदान, रस्ते, पाण्याची जागा त्यांत दाखवलेली असते. जुनं राखीव क्षेत्र हे आजच्या संरक्षित आवारापेक्षा पुष्कळ मोठं असे, आणि उरलेला भाग बहुधा रँचमध्ये गेलेला असतो.

जमिनीवर सगळ्यात भरघोस जागा म्हणजे नेमबाजीच्या मैदानामागचा मातीचा उंचवटा. १८७६ नंतर लष्कराने नेमबाजीच्या सरावावर जोर दिला, त्यामुळे १८८० च्या दशकातली मैदानं गोळ्यांनी भरलेली असतात. उंचवटा सापडला की तिथून १००, २००, ३०० यार्डांवर मागे या. तिथे गोळ्या कमी, पुंगळ्या जास्त मिळतील.

दुसरी जागा पहारा बदलण्याची. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करायला दोनच वाटा: बार उडवणं किंवा गजाला स्क्रू लावून गोळी उपसणं. म्हणून गार्डहाउसजवळच्या बांधात उडवलेल्या गोळ्या मिळतात, आणि टोकाला स्क्रूचं भोक पडलेल्या उपसलेल्या गोळ्याही. मग ओढ्याचे उतार, टेहळणीच्या टेकड्या, जुन्या वॅगन रस्त्यांवरचे तळ.

लढाईच्या जागा आणि दफनभूमी यांपासून लांब राहा, जमीन खासगी असली तरी. लाकोटा, शायेन, अरापाहो कुटुंबांची माणसं तिथे पडली आहेत, सैनिकही. हाड दिसलं तर हात थांबवा, काहीही हलवू नका, मालकाला आणि शेरीफला कळवा.

खणायचं कसं?

आडवी-उभी कॉइल फिरवून जागा नक्की करा. गवताळ जमिनीत घोड्याच्या नालेच्या आकाराची चीर घ्या, एक बाजू जोडलेली ठेवा, १० ते १२ सेंमी खोल. ढेकूळ उलटवा, माती कापडावर. पिनपॉइंटरने आधी ढेकूळ तपासा, मग खड्डा. खुरपी गोळीवर घासली की शिशावर चमकता ओरखडा उमटतो. तो कायमचा, आणि बंदुकीच्या नळीच्या खुणा पुसणारा. शेवटचे दोन सेंमी बोटांनीच उकरा. गोळी निघाल्यावर खड्ड्यावरून पुन्हा कॉइल फिरवा, कारण ६९ कॅलिबरच्या (नळीचा व्यास ०.६९ इंच) ‘बक अँड बॉल’ काडतुसात एका मोठ्या गोळीबरोबर तीन छर्रे असत. मग माती आत, ढेकूळ वर, पायाने दाब.

कोरड्या उन्हाळ्यात हे करू नका: गवताची मुळं तुटली की तो चट्टा वर्षभर दिसतो. बर्फ वितळल्यानंतरची ओलसर जमीन उत्तम. ओलीत आवाजही खोलवरून येतो. दगडाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, रॅटलस्नेक तिथेच असतात.

जागेची नोंद का करायची? गोळी तर हातात आली.

कारण खिशात आली की ती फक्त शिसं उरते. ती कुठे, किती खोल, कोणत्या दिशेला तोंड करून होती, तिच्याशेजारी काय होतं, हे कळलं तर कोण कुठे उभं होतं हे सांगता येतं. मॉन्टानातल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर (जिथे जून १८७६ मध्ये लाकोटा-शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा पराभव केला) १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळलं. त्यानंतर १९८४-८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांच्या पथकांनी डिटेक्टरवाल्यांना ५-५ मीटर अंतरावर रांगेत चालवलं. आवाज आला की फक्त झेंडी. उकरणारं पथक वेगळं, मोजणारं त्याहून वेगळं. मग पुंगळ्यांवरच्या बंदुकीच्या टाचणीच्या (फायरिंग पिनच्या) खुणा जुळवून एकेक बंदूक रणांगणावर कशी सरकत गेली ते नकाशावर मांडता आलं. कोणी आधीच पिशव्या भरून नेल्या असत्या तर त्यातलं काहीच हाती लागलं नसतं.

तुमच्यासाठी किमान पद्धत अशी. कुंपणाचा कोपरा किंवा पुलाचा खांब असे दोन पक्के बिंदू धरा. झेंडीपासून दोन्हींचं अंतर टेपने मोजा. फोनचा जीपीएस ३ ते ५ मीटर चुकतो, तो फक्त आधाराला. खोली सेंमीत. गोळीच्या टोकाची दिशा होकायंत्राने. उचलण्याआधी पट्टी ठेवून फोटो. पाऊचवर क्रमांक, वहीत तोच क्रमांक. गोळ्यांचा पुंजका लागला तर थांबा आणि मालकाच्या संमतीने राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयाला (एसएचपीओ) कळवा.

सापडलेली गोळी ओळखायची कशी?

व्हर्नियर कॅलिपर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. जुनी कागदपत्रं वजन ग्रेनमध्ये देतात. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

- वाटोळी, सुमारे १६.५ मिमी, २६-२७ ग्रॅम: ६९ कॅलिबरची मस्केट. १८४० आणि ५० च्या दशकातली शक्यता मोठी.
- शंकूसारखी, बुडाला पोकळी, कमरेला तीन खाचा, १४.७ मिमी, सुमारे ३२ ग्रॅम: ५८ कॅलिबरची मिनिए गोळी. बार उडाला की पोकळ बूड फुगून नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार चरांत) बसे. खाचांत चरबी आणि मेण भरत.
- सुमारे २९ ग्रॅम: .५०-७० (५० कॅलिबर, ७० ग्रेन दारू). १८६६ पासूनची, मागून भरायच्या स्प्रिंगफील्ड रायफलची.
- ११.६ मिमी, २६.२ ग्रॅम (४०५ ग्रेन): .४५-७०. १८७३ पासून पुढे सगळीकडे हीच. ३२.४ ग्रॅमची (५०० ग्रेन) असेल तर १८८० च्या दशकातली रायफलची गोळी.
- साधारण १५ ते १६ ग्रॅम, आखूड: कोल्ट किंवा स्कोफील्ड रिव्हॉल्व्हर.

६९ ची गोळी आणि ४०५ ग्रेनची .४५-७० यांचं वजन जवळजवळ सारखं आहे. चेपलेल्या अवस्थेत दोन्ही एकसारखी दिसू शकतात, तेव्हा एखादी खाच किंवा बुडाची सपाट कड शिल्लक आहे का ते भिंगाने बघा. गोळी वाटोळी होती अशी खात्री असेल तर मूळ व्यास काढता येतो: ग्रॅममधल्या वजनाला १६८ ने गुणा आणि घनमूळ घ्या, उत्तर मिलिमीटरमध्ये. ओतताना राहिलेले बुडबुडे आणि गंज यांमुळे ते थोडं कमी येतं.

वाटोळी गोळी सैनिकाचीच असेल असं नाही. व्यापाऱ्यांकडून मिळालेल्या हलक्या बंदुकांतून आदिवासी योद्धे वाटोळ्याच गोळ्या झाडत, आणि त्या बहुधा ६९ पेक्षा लहान असतात.

तारखांचा एक चांगला आधार बोझमन ट्रेलवर मिळतो. २१ डिसेंबर १८६६ ला फोर्ट फिल कर्नीहून निघालेल्या कॅप्टन फेटरमनच्या तुकडीतलं पायदळ ठासणीच्या बंदुका घेऊन लढलं, घोडदळाकडे स्पेन्सर कार्बाइन (आखूड बंदुका) होत्या. पुढच्या उन्हाळ्यात नव्या .५०-७० बंदुका आल्या आणि २ ऑगस्ट १८६७ च्या वॅगन बॉक्स लढाईत त्याच वापरल्या गेल्या. १८६८ मध्ये ठाणं सोडलं गेलं. म्हणजे तिथल्या रँचवर .४५-७० मिळाली तर ती ठाण्याच्या काळातली नव्हेच. नंतरच्या शिकाऱ्याची किंवा वाटसरूची.

आणि हो, .४५-७० आजही बनते. तांब्याचं आवरण, खाचांत निळं किंवा लाल वंगण, बुडाची तिरपी छाटलेली कड दिसली की गोळी नवी.

पुंगळ्यांवरून काय कळतं?

गोळीपेक्षा जास्त. .४५-७० ची पुंगळी ५३ मिमी लांब, .५०-७० ची ४४.५, .४५ कोल्टची ३२.६. सुरुवातीच्या लष्करी पुंगळ्या तांब्याच्या. स्फोटक टोपी आतून बसवलेली, त्यामुळे बूड कोरं दिसतं आणि कडेवर बुडाजवळ दोन चेपलेल्या खाचा असतात. नवखे त्यांना रिमफायर (स्फोटक बुडाच्या कडेत असलेलं काडतूस) समजतात.

मार्च १८७७ पासून फ्रँकफर्ड आर्सेनल या लष्करी दारूगोळा कारखान्याने बुडावर ठसा मारायला सुरुवात केली: आर म्हणजे रायफल, सी म्हणजे कार्बाइन, एफ म्हणजे फ्रँकफर्ड, मग महिना आणि वर्षाचे दोन आकडे. ‘आर एफ ३ ७७’ वाचता आलं की गोळीबार मार्च १८७७ च्या आधीचा नाही हे पक्कं. जून १८७६ च्या लिटल बिगहॉर्न लढाईतल्या लष्करी पुंगळ्या त्यामुळे कोऱ्याच असतात. ‘एच’ हे एकच अक्षर दिसलं तर ती विंचेस्टरची रिमफायर. हे अक्षर बेंजामिन टायलर हेन्रीच्या नावावरून.

गोळी झाडलेली की नुसती पडलेली?

पडलेली गोळी आकाराने शाबूत, खाचा स्वच्छ, अंगावर उभे चरे नाहीत. आटे असलेल्या नळीतून झाडलेलीवर तिरपे पट्टे असतात. स्प्रिंगफील्डला तीन रुंद पट्टे, कोल्टला सहा, डावीकडे वळणारे. टोक छत्रीसारखं पसरलं असेल तर दगड किंवा कठीण लाकूड. किंचित वाकून शाबूत असेल तर मऊ माती.

गोळीवर दातांच्या खुणा आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी सैनिकाने चावली असेल का?

जवळजवळ कधीच नाही. खुणा बहुतेक वेळा डुकरांच्या किंवा उंदरांच्या असतात. ईथर आणि क्लोरोफॉर्म १८४० च्या दशकापासून वापरात होते. समांतर बारीक कुरतडलेल्या रेघा म्हणजे उंदीरवर्गीय प्राणी. खोल, वेड्यावाकड्या खळग्यांसाठी डुकराची दाढ पुरेशी आहे. कंटाळलेल्या सैनिकांनी चाकूने कोरून बुद्धिबळाची प्यादी केलेल्या गोळ्या मात्र खऱ्याच मिळतात.

न झाडलेलं काडतूस किंवा तोफगोळा लागला तर?

काडतूस असेल तर ते न ठोकता, न तापवता, गोळी उपसायचा प्रयत्न न करता ठेवून द्या आणि शेरीफच्या कार्यालयाला विचारा. काळी दारू दीडशे वर्षं जमिनीत राहूनही वाळल्यावर पेटू शकते.

तोफगोळ्याला हात लावू नका. या ठाण्यांवर १२ पौंडी माउंटन हॉविट्झर (आखूड तोफा) असत. त्यांचा पोकळ गोळा साधारण ११.५ सेंमी व्यासाचा, आत दारू भरलेला. तो मातीतून गंजक्या लोखंडी गोळ्यासारखा दिसतो. जागेवर झेंडी लावा, मागे व्हा, ९११ ला फोन करा. २००८ मध्ये व्हर्जिनियात यादवी युद्धातला नौदलाचा गोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला.

साफ कशी करायची, ठेवायची कशात?

ऊर्ध्वपातित पाणी, मऊ टूथब्रश, हलका हात. माती गेली की थांबा. पांढरा-राखाडी थर हा गोळीचं कवच आहे. तो घासून काढला की खालचं शिसं पुन्हा गंजू लागतं.

पितळेची भांडी उजळायला आपण चिंच, लिंबू, व्हिनेगर वापरतो. शिशावर यातलं काहीही चालवू नका. आम्ल शिसं खातं आणि व्हिनेगरने तर विषारी लेड ॲसिटेट तयार होतं. याच कारणाने ओकच्या लाकडी खोक्यात गोळ्या ठेवल्या की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांची पांढरी पूड होते. पॉलिइथिलिनचे पाऊच, त्याच प्लॅस्टिकचा फोम, कोरडी जागा. प्रत्येकीसोबत तिचा क्रमांक.

शिशाने हातांना अपाय होतो का?

कातडीतून फारसं जात नाही; तोंडातून जातं. पांढरी पूड बोटांवरून जेवणात जाते. नायट्राइल हातमोजे घाला, शेतात काही खाण्याआधी साबणाने हात धुवा (सॅनिटायझरने शिसं निघत नाही), गोळ्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

महाराष्ट्रातल्या गडांवर हेच करता येईल का?

नाही, आणि कोणी बोलावलं तरी जाऊ नका. संरक्षित गडांवर उत्खननाला परवाना लागतो: केंद्राच्या ताब्यातल्यांना १९५८ चा, राज्याच्या ताब्यातल्यांना १९६० चा कायदा लागू आहे. गडाबाहेरच्या शेतातही १८७८ चा निखात निधी कायदा आहेच: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. रायगड, राजगड, साल्हेर यांसारखे किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले आहेत. तिथल्या मातीतली गोळी पुरातत्त्वज्ञांच्या हातूनच निघायला हवी. गडावर उघड्यावर गोळा किंवा गोळी दिसली तर फोटो काढा, जागा टिपा, वस्तू तिथेच ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

अमेरिकेत सापडलेली गोळी भारतात नातेवाइकांना दाखवायला नेता येईल?

नेऊ नका. शाबूत काडतूस सामानात सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. रिकामी पुंगळी किंवा चेपलेली गोळी क्ष-किरण यंत्रात दिसली की ती किती जुनी आहे हे विमानतळावर समजावत बसावं लागतं. परतताना खिसे, कॅमेऱ्याची पिशवी आणि बुटांचे पाऊच तपासा. शेतात वापरलेली सॅक विमानप्रवासाला घेऊच नका. घरच्यांसाठी पट्टी ठेवून काढलेले फोटो आणि नकाशा पाठवा.